चोर्ल्याच्या रस्त्याला कोणते शॉकअप: साधे, गॅसचे की ॲडजस्टेबल?

शॉकअप बदलायला निघालात की दुकानदार आधी ब्रँड सांगतो. त्याआधी आपली गाडी कुठल्या रस्त्यावर जास्त असते ते बघा. बेळगावहून हायवेने निपाणी नाहीतर धारवाड गाठणाऱ्याची गरज वेगळी, आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्याची वेगळी.

एक गोष्ट मात्र दोघांना सारखीच लागू. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ती वरखाली नाचत राहू नये, हे काम शॉकअपचं. त्यामुळे मागून बसलेली गाडी नुसते शॉकअप बदलून वर यायची नाही.

साधा, नुसत्या ऑइलचा शॉकअप सगळ्यात स्वस्त. टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणाऱ्या जुन्या गाडीला तो पुरतो. पण खडबडीत रस्ता लांबला की आतल्या ऑइलला फेस येतो आणि पकड ढिली पडते.

गॅसच्या शॉकअपमध्ये ऑइलवर नायट्रोजनचा दाब असतो, म्हणून फेस कमी. यात दोन जाती आहेत, आणि खरी निवड इथेच करायची. ट्विन-ट्यूबला नळीत नळी असते आणि गॅसचा दाब कमी असतो. मोनोट्यूबला एकच नळी, दाब बराच जास्त. ती लवकर थंड होते, घाटात सलग वळणं घेताना गाडी जास्त घट्ट धरते आणि किंमतही तशीच असते. मात्र तिचा पिस्टन थेट बाहेरच्याच नळीत चालतो. दगड उडून त्या नळीला चांगला पोचा पडला की पिस्टन अडकला समजा. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी थोडी चेपली तरी काम बहुधा चालू राहतं. पावसाळ्यानंतरचे खानापूर तालुक्यातले आतले रस्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना यापुढे सांगायला नको.

ॲडजस्टेबलची हौस बऱ्याच जणांना असते. नॉब फिरवून मऊ-कडक करता येतो. बऱ्याच मॉडेलांत फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळतानाचा विरोध, बदलतो. कोनी कंपनीच्या काही शॉकअपना तर नॉबच नाही. ते गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून, मग फिरवावे लागतात. असला शॉकअप घेऊन दर सहलीआधी सेटिंग बदलणारा माणूस मला तरी भेटायचाय! नॉब खाली असेल तर लाल चिखल बसून तो जामही होतो. तरी घेतलाच, तर आधी टायरची हवा नीट करा. मग कंपनीने सांगितलेल्या मधल्या सेटिंगपासून सुरू करा, डाव्या-उजव्याला क्लिक सारखे ठेवा आणि एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे बदला. कडक म्हणजे चांगलं, असं धरून चालू नका. फार कडक केलं की खराब रस्त्यावर चाक जमिनीला चिकटण्याऐवजी उड्या मारतं.

फिटिंग बिघडलं तर महागडा शॉकअपही वाया. बदलायचे ते जोडीनेच. शॉकअपचा रॉड पकडीने धरून नट आवळणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. क्रोमवर ओरखडा पडला की सील फाटतं आणि ऑइल गळतं. ट्विन-ट्यूब बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढायचा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. रबरी बुशचे (सांध्यातल्या रबरी कड्यांचे) बोल्ट जॅकवर नुसते अडकवून ठेवायचे आणि गाडी चाकांवर उतरल्यावरच शेवटचे आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुढे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला भाग) असतील तर त्यांचे वरचे माउंट आणि बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्या, आणि चाकांची अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय स्ट्रट उघडणाऱ्या गॅरेजात तर उभंच राहू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.

बेळगावात राहून सगळीकडे फिरणाऱ्या गाडीला मी ट्विन-ट्यूब गॅसचा शॉकअपच टाकीन, तोही नेमक्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवून. मोनोट्यूब फक्त त्याला, ज्याची गाडी बहुतेक वेळ हायवेवर आणि चांगल्या डांबरी घाटातच असते. आणि उरलेल्या पैशांत सस्पेंशनच्या लिंक (जोडदांड्या), बुश नवे टाका. पुष्कळदा खडखड त्यांचीच असते आणि नाव शॉकअपचं होतं.