पावसाळी बर्गन: फ्लोयेनचा डोंगर की ब्रिगेनचा जुना धक्का?

क्रूझ नॉर्वेतल्या बर्गनला लागली आणि पाऊस असला, तर तो थांबण्याची वाट पाहू नका. इथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसाचेच.

फ्लोयेनवर 1918 पासूनची फ्युनिक्युलर (तारेने चढावर ओढली जाणारी) रेल्वे काही मिनिटांत सुमारे 320 मीटर उंचीवर नेते. पण तिथली सगळी मजा खाली दिसणाऱ्या शहरात आणि समुद्रात आहे. धक्क्यावरून माथाच दिसत नसेल, तर तिकीट काढू नका.

ब्रिगेन मात्र भिजल्यावर जास्तच खुलतं! हान्झा, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांची ही वस्ती. सुकवलेल्या कॉड माशावर तिची भरभराट झाली. 1702 च्या आगीनंतर लाकडी घरं जुन्याच धाटणीत पुन्हा उभी राहिली, 1979 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. ओल्या फळ्यांचे रंग गडद होतात, अरुंद बोळांत पाऊस बराच चुकवता येतो. शेजारच्या ब्रिगेन संग्रहालयात तर चांगला तासभर द्या: 1955 च्या आगीनंतरच्या उत्खननात सापडलेले बाराव्या शतकातल्या इमारतींचे अवशेष तिथे जागच्या जागी जपलेत. रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत लाकडावर कोरलेले साध्या माणसांचे निरोप मला सगळ्यात जवळचे वाटतात.

माझं मत ब्रिगेनला. मधेच ढग हटले, तर फ्युनिक्युलरचं स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवरच आहे.