साथीच्या काळात कॉलेजच्या स्की शर्यती: बबल बरा, की सकाळी जाऊन संध्याकाळी परत?

साथ सरली, तिचे कागद काही सरले नाहीत. आमच्या कॉलेजचा क्रीडा विभाग दर उन्हाळ्यात प्रत्येक क्लबकडून एक आराखडा मागतो: उद्या पुन्हा साथ आली तर तुमच्या स्पर्धा कशा होणार? कोविडच असं नाही, फ्लू असो की नोरोव्हायरस, कागद तोच. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर राज्यात एका छोट्या कॉलेजच्या क्रॉस-कंट्री स्की (बर्फावरून चढ-उतार करत लांब पल्ला पळायचा प्रकार) क्लबचा मी सल्लागार प्राध्यापक आहे. सांगलीत वाढलो, बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिशीत. पण कागद लिहायला मराठी माणूस बरा, असं इथल्या मंडळींचं मत झालेलं दिसतं. अलीकडे ओळखीच्या दोघा-तिघांनी याबद्दल विचारलं. कुणाची मुलगी टीममध्ये आहे, तर कुणाच्या गळ्यात माझ्यासारखंच सल्लागारपद पडलंय. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मास्क, हात धुणं, सहा फूट अंतर हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. खरी निवड दोन पद्धतींतून करायची असते. पहिली बबलची. सगळ्या टीम एकाच ठिकाणी उतरतात, निघण्याआधी टेस्ट, पोचल्यावर टेस्ट, मग ठरावीक दिवसांनी पुन्हा. बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही, आणि त्या आठ-दहा दिवसांत हंगामातल्या बऱ्याचशा शर्यती उरकून घ्यायच्या. दुसरीला आम्ही नुसतं डे मीट म्हणायचो. दोन-तीन तासांच्या टप्प्यातली तीन-चार कॉलेजं, सकाळी निघायचं, शर्यत करायची, अंधार पडायच्या आत आपापल्या घरी. मुक्काम नाही, एकत्र जेवण नाही, बक्षीस समारंभ नाही, प्रेक्षक नाहीत.

तिसरा पर्याय म्हणजे सरळ रद्द. त्याची नियमावली एका ओळीत मावते. आयव्ही लीगने (हार्वर्ड, डार्टमथ वगैरे आठ विद्यापीठांचा गट) १२ नोव्हेंबर २०२० ला तेच केलं. मार्च २०२१ मध्ये एनसीएएची (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) राष्ट्रीय स्की स्पर्धा आमच्याच राज्यात, जॅक्सन आणि मिटरसिलला झाली, आणि त्याच राज्यातल्या डार्टमथची टीम तिथे नव्हती. तो निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलांची कॉलेजची चारच वर्षं असतात, त्यांना एक हिवाळा कोरा घालवायला सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

बबलची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच भक्कम दिसते. डिसेंबर २०२० मध्ये एनसीएचसी या आइस हॉकी कॉन्फरन्सने (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाने) आपल्या आठही टीम ओमाहाला एका रिंकवर आणल्या आणि जेमतेम तीन आठवड्यांत ठरलेले ३८ च्या ३८ सामने पार पाडले. त्याच हंगामाच्या शेवटी, टीम पुन्हा देशभर फिरू लागल्यावर काय झालं तेही पाहा. सेंट लॉरेन्स विद्यापीठाने ईसीएसी या दुसऱ्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं आणि लगोलग प्रशिक्षक पॉझिटिव्ह निघाल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेतून नाव मागे घेतलं. मिशिगनची टीम त्याच राष्ट्रीय स्पर्धेसाठी फार्गोला जाऊन पोचली होती. सामन्याच्या दिवशीच बाहेर पडावं लागलं. मॅसॅच्युसेट्सने त्या वर्षीचं अजिंक्यपद जिंकलं खरं, पण उपांत्य सामन्यात नेहमीच्या गोलरक्षकासकट चार खेळाडू कॉन्टॅक्ट ट्रेसिंगमुळे घरीच होते. हे सगळं समोर ठेवलं की कुठलाही डीन बबलवर सही करेल.

पण ही सगळी उदाहरणं हॉकीची आहेत, हे विसरून चालणार नाही. संसर्गाच्या जोखमीनुसार एनसीएएने खेळांचे गट पाडले, त्यात आइस हॉकी सगळ्यात वरच्या गटात होती आणि स्कीइंग सगळ्यात खालच्या, गोल्फ-टेनिसच्या शेजारी. शर्यतीपुरतं पाहिलं तर ते अगदी बरोबर आहे. मास स्टार्टसारख्या, सगळ्यांनी एकदम सुटायच्या शर्यती आणि रिले वगळले की ३० सेकंदांच्या अंतराने एकेक जण सुटतो, मोकळ्या हवेत आपला आपण पळतो. कुणी कुणाला गाठलंच तर क्षणभर शेजारी येतो आणि पुढे निघून जातो. ट्रॅकवर काही होत नाही.

व्हायचं ते वॅक्सच्या खोलीत, म्हणजे स्कीच्या तळाला मेण लावायच्या खोलीत होतं. ज्यांनी ती आतून पाहिली नसेल त्यांना सांगतो. बाहेर उणे बारा, म्हणून दार घट्ट लावलेलं. आत दोन बाकांवर स्की आडव्या टाकलेल्या, इस्त्रीखाली मेण वितळतंय, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतोय, आणि खांद्याला खांदा लावून उभी असलेली पोरं आजच्या बर्फाला कुठला वॅक्स चालेल यावर तावातावाने भांडतायत. धूर ओढायला पंखा असतो, पण त्याने गरम हवाही बाहेर जाते, म्हणून कुणीतरी तो हळूच बंद करतं. तासभर हे चालतं. त्यापुढे मग व्हॅनमधला प्रवास आणि लॉजवरची एकावर एक पलंगांची खोली. स्कीच्या बाबतीत बबल म्हणजे नेमक्या या तीन जागा आठ-दहा दिवस सलग वापरायच्या. डे मीटमध्ये पलंगांची खोली उडतेच, वॅक्सची खोलीही उडवता येते. आम्ही शर्यती फक्त स्केटिंग शैलीत (पाय तिरके बाजूला ढकलत) ठेवल्या. क्लासिक शैलीला (सरळ चाकोरीतून) पाय मागे घसरू नये म्हणून जागेवरचा बर्फ बघून ग्रिप वॅक्स लावावा लागतो. स्केटिंगला नुसत्या घसरायच्या ग्लाइड वॅक्सवर भागतं आणि तो आदल्या दिवशी कॉलेजातच लावता येतो. सकाळी अंदाजापेक्षा ऊन पडलं तर स्की जरा जड चालतात. ते सगळ्यांचंच होतं, त्यामुळे फारशी कुरकुर झाली नाही. क्लासिकवाली मुलं नाराज होती, ती अजूनही टोमणे मारतात.

लॉज बंद असल्यामुळे गाडीच्या डिकीवर बसून बूट चढवायचे आणि तिथेच डबा खायचा. माझ्या बायकोने दिलेले पोळीचे रोल त्या हिवाळ्यात टीममध्ये बरेच लोकप्रिय झाले, पण तो वेगळा विषय आहे. मास्कबद्दल एकच सांगतो. श्वासाने ओला झालेला मास्क थंडीत दहा मिनिटांत पुठ्ठ्यासारखा कडक होतो, तेव्हा प्रत्येकाजवळ दोन जास्तीचे हवेत. गळ्यातला बफ (कापडी गळपट्टा) नाकावर ओढला की झाला मास्क, ही मुलांची समजूत. आम्ही ती चालू दिली नाही. रोजच्या लक्षणांची नोंद फोनवरच्या अ‍ॅपमध्ये घेणार असाल तर निघण्यापूर्वी घ्या. पार्किंगमध्ये घ्यायला गेलात तर निम्मे फोन गारठून बंद पडलेले असतात.

टेस्टचंही तसंच. घरगुती अँटिजेन किट १५ ते ३० अंश सेल्सियसमध्ये वापरायचं असतं. ते रात्रभर व्हॅनमध्ये राहिलं आणि सकाळी डॅशबोर्डवर ठेवून टेस्ट केली, तर पट्टीवर जे दिसेल त्यावर मी पैज लावणार नाही. डे मीटला टेस्ट आपल्याच कॉलेजच्या उबदार हॉलमध्ये, निघण्याआधी होते. पॉझिटिव्ह निघालेलं मूल आपल्या खोलीपासून फार तर दहा मिनिटांच्या अंतरावर असतं. माझं मत याच गोष्टीने फिरलं, म्हणून इथे जरा थांबतो.

बबलच्या सगळ्या नियमावल्यांमध्ये एक कलम असतं: पॉझिटिव्ह व्यक्तीला तातडीने वेगळं ठेवण्यात येईल. वाचायला छान वाटतं. पण कुठे ठेवणार, त्याच्याजवळ कोण थांबणार आणि त्याला घरी कोण नेणार? इथेच घोडं पेंड खातं. जानेवारी २०२२ मध्ये, ओमिक्रॉन जोरात असताना, आम्ही काही कॉलेजांबरोबर एका अनेक दिवसांच्या शिबिर-स्पर्धेला गेलो होतो. सगळ्यांचं लसीकरण झालेलं, पोचल्यावरच्या टेस्ट निगेटिव्ह, नियम काटेकोर. मधल्या एका संध्याकाळी आमचा एक मुलगा पॉझिटिव्ह निघाला. घसा जरा खवखवत होता, बाकी ठणठणीत. आयोजकांनी राखून ठेवलेली खोली आधीच दुसऱ्या टीमच्या मुलाने अडवलेली. लॉजवाल्यांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं की सकाळपर्यंत ठीक आहे. बस कंपनी पॉझिटिव्ह प्रवासी घेत नव्हती, टॅक्सी घेणं आम्हाला पटत नव्हतं, आईवडील कॅलिफोर्नियात. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) डिसेंबरअखेर विलगीकरण दहावरून पाच दिवसांवर आणलं होतं, पण पाच दिवस तरी काढायचे कुठे? आणि बाकी मुलांना सोडून त्याच्यापाशी थांबणार कोण?

शेवटी मीच नेलं. तो व्हॅनच्या सगळ्यात मागच्या रांगेत, मी पुढे, दोघांच्याही तोंडावर एन-९५, पुढची-मागची काच चार-चार बोटं खाली. बाहेर उणे अठरा. हीटर पूर्ण लावला तरी गुडघ्याखाली पाय बधिर. तो स्लीपिंग बॅगमध्ये शिरून बसला होता आणि दर अर्ध्या तासाने विचारायचा, “सर, तुम्ही ठीक आहात ना?” आजारी कोण आणि काळजी कोण करतंय! मला काही झालं नाही. पण मी तिकडे गेल्यामुळे आमच्या टीमपाशी दुसरा ड्रायव्हर राहिला नाही. उरलेल्या मुलांना शर्यत सोडून दिवसभर लॉजवर बसावं लागलं. एका मुलाच्या घशापायी अख्ख्या टीमची शर्यत बुडाली, तीही कुठलाच नियम न मोडता.

हा एकट्याचा अनुभव आहे आणि त्यावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. ज्या विद्यापीठांकडे टीममागे डॉक्टर, दोन ट्रेनर आणि राखीव गाड्या असतात त्यांना ही अडचण वाटणारही नाही. ओमाहाचा बबल टिकला त्यामागे तेवढी यंत्रणा होती. आपल्या क्लबच्या टीमकडे एक व्हॅन असते आणि एक प्राध्यापक.

आपल्याला बबलची गोष्ट खरं तर आयपीएलवरून चांगली कळायला हवी. २०२० मध्ये सगळा डेरा यूएईत होता, ६० च्या ६० सामने झाले. २०२१ मध्ये भारतात मुंबई-चेन्नईपर्यंत निभावलं, मुक्काम अहमदाबाद-दिल्लीला हलला आणि ४ मे ला स्पर्धा थांबवावी लागली, तेव्हा २९ सामने झाले होते. पैसा दोन्ही वेळा तोच होता. विद्यापीठांच्या पातळीवरचं उदाहरण हवं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नची हिवाळी युनिव्हर्सियाड, म्हणजे विद्यापीठांची जागतिक स्पर्धा घ्या. जानेवारी २०२१ ची स्पर्धा डिसेंबरवर ढकलली, सगळी तयारी झाली आणि ११ डिसेंबरला सुरू व्हायची ती २९ नोव्हेंबरला रद्द झाली, कारण ओमिक्रॉनमुळे स्वित्झर्लंडने प्रवेशाचे नियम कडक केले. प्रवास जितका लांबचा, तितके नियम दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडे ते राज्याराज्यात दिसलं. २०२० च्या हिवाळ्यात शेजारच्या व्हर्माँटमध्ये बाहेरून येणाऱ्याला १४ दिवस क्वारंटाइन, किंवा ७ दिवसांनंतर निगेटिव्ह टेस्ट. नदीपलीकडचं कॉलेज आम्हाला अचानक परदेश झालं.

डे मीटमध्ये सगळं गोडच आहे असं नाही. पहाटे निघावं लागतं, आणि बर्फ पडत असताना अंधारात व्हॅन चालवणं हा संसर्गापेक्षा मोठा धोका असू शकतो, हे मी क्रीडा विभागालाही लेखी कळवलंय. हवा बिघडली तर दिवस वाया. बबलमध्ये शर्यत उद्यावर ढकलता येते, इथे उद्या नसतोच. तीन-चार कॉलेजांत पुन्हा पुन्हा तीच तोंडं दिसतात, त्यामुळे चांगल्या स्कीअरला कस लागत नाही. आणि टीम म्हणून जे काही जमतं ते रात्रीच्या जेवणानंतर, पत्ते कुटताना जमतं. त्या वर्षी आलेली नवी मुलं एकमेकांना बराच काळ फक्त डोळ्यांवरून ओळखत होती. अल्पाइनवाल्यांना (डोंगरउतारावरून खाली येणाऱ्या स्कीअरना) तर डोंगर, गेट्स (वळायच्या खुणेचे खांब), दोन फेऱ्या हे सगळं एका दिवसात बसवताना घाम फुटतो. त्यांना मी आग्रह करणार नाही.

अंतराचाही प्रश्न आहे. तुमचं कॉलेज अलास्कात किंवा रॉकीजच्या कुशीत असेल, जवळची टीम सहा तासांवर असेल, तर डे मीटचा विचारच नको. बबल करा आणि नीट करा. न्यू इंग्लंडमध्ये (आमच्या ईशान्येकडच्या राज्यांत) किंवा मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात असाल तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल. दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी एक गोष्ट आराखड्यात हवीच. आजारातून उठलेल्या मुलाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय शर्यतीत उतरवायचं नाही. या खेळात हृदयावर जो ताण येतो तो पाहता, ‘आता बरं वाटतंय सर’ एवढ्यावर भागवू नका.

बबलचाच आराखडा वरून आला आणि तुमच्या हातात फार काही नसेल, तर विलगीकरणाच्या कलमाखाली एवढं तरी लिहून घ्या: परत आणायची गाडी कुठली, ड्रायव्हर कोण (नावानिशी), आणि तो गेल्यावर बाकीच्या मुलांची व्हॅन कोण चालवणार. आमच्या विभागाने हे कलम पहिल्यांदा ‘अनावश्यक तपशील’ म्हणून खोडलं होतं. मी ते दर उन्हाळ्यात पुन्हा घालतो. गेल्या खेपेला राहू दिलं.