भरलेल्या रिटर्नमधली चूक: रिवाइज्ड रिटर्न की रेक्टिफिकेशन?

आयकराचं रिटर्न भरून झालं, ई-व्हेरिफायही झालं, आणि मग एक दिवस एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमलेल्या आपल्या व्यवहारांचं वार्षिक माहितीपत्रक, उघडल्यावर लक्षात आलं की काहीतरी राहिलंय. अशा वेळी समोर दोन रस्ते दिसतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३९(५) खाली रिवाइज्ड, म्हणजे सुधारित, रिटर्न भरायचं, नाहीतर इंटिमेशन (रिटर्न प्रोसेस करून खातं कलम १४३(१) खाली पाठवतं तो हिशेब) आल्यावर कलम १५४ खाली रेक्टिफिकेशनचा, म्हणजे चूकदुरुस्तीचा, अर्ज करायचा. मी दोन वेगवेगळ्या वर्षी हे दोन्ही केलंय. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण दोन्ही रस्त्यांची आपापली जागा आहे, आणि एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की त्रास सुरू होतो.

पहिला अनुभव जुलै २०२२ चा. एका बँकेतल्या मुदत ठेवीवर ४६,२०० रुपये व्याज झालं होतं, ते मी उत्पन्नात नीट दाखवलं होतं. त्यावर बँकेने कापलेला ४,६२० रुपयांचा कर, म्हणजे टीडीएस, मात्र तेव्हा २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) दिसतच नव्हता, कारण बँकेने शेवटच्या तिमाहीचं विवरण उशिरा दुरुस्त केलं. मी टीडीएस न मागताच रिटर्न भरून टाकलं. ऑगस्टअखेर ती नोंद २६एएसमध्ये आली. ऑफिसातले एक अनुभवी सहकारी म्हणाले, ‘इंटिमेशन येऊ दे, मग रेक्टिफिकेशन टाक, पाच मिनिटांचं काम आहे.’ मी थांबलो.

इंटिमेशन आलं नोव्हेंबरमध्ये. मी त्याच आठवड्यात अर्ज केला आणि पर्याय निवडला ‘रिप्रोसेस’चा. वाटलं, २६एएसमध्ये नोंद आलीच आहे, पुन्हा प्रोसेस केलं की ती आपोआप धरली जाईल. पण मी मूळ रिटर्नमध्ये जे मागितलंच नव्हतं, ते पुन्हा प्रोसेस करून कुठून येणार? पर्याय ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’चा घ्यायचा होता आणि टीडीएसची ओळ स्वतः भरायची होती. हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. अर्ज मागे घेऊन नवा टाकावा म्हणून पोर्टलवर गेलो, तर मागे घेण्याची सोयच नाही. एकदा सबमिट केलेला रेक्टिफिकेशनचा अर्ज आपल्याला परत घेता येत नाही, आणि तो निकाली निघेपर्यंत त्याच वर्षासाठी दुसरा टाकता येत नाही.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. चूक मला दिसत होती, दुरुस्ती कशी करायची तेही कळलं होतं, आणि तरी करण्यासारखं काही नव्हतं. रिवाइज्ड रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती, पण एक अर्ज पडून असताना दुसरं विवरणपत्र टाकायचा धीर मला झाला नाही. जानेवारीत आदेश आला, त्यात आकडे जसेच्या तसे. तोवर रिवाइज्डचं दार बंद. मग दुसरा अर्ज केला, या वेळी योग्य पर्याय घेऊन. पैसे खात्यात आले जूनमध्ये. अर्ज ज्या महिन्यात मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत तो निकाली काढायचा असं कायद्यात आहे, त्यामुळे उशीर झाला असं मला म्हणता येणार नाही. पण ऑगस्टमध्येच रिवाइज्ड रिटर्न भरलं असतं तर हे सगळं टळलं असतं असं मला आजही वाटतं.

पुढच्या वर्षी चूक वेगळी होती. दुसऱ्या एका बँकेतल्या ठेवीचं १८,४०० रुपये व्याज दाखवायचं राहून गेलं. रक्कम मर्यादेच्या आत असल्याने टीडीएस कापलेला नव्हता, म्हणून २६एएस बघून काही कळलं नाही. सप्टेंबरमध्ये एआयएसमध्ये ती ओळ दिसली. या वेळी मी कुणालाही विचारलं नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्याने, उपकर धरून, ३,८३० रुपये स्वयंनिर्धारण कर (आपणच हिशेब करून भरायचा बाकी कर) भरला. चलन समोर ठेवून त्यावरचा सात अंकी बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक), पाच अंकी चलन क्रमांक आणि तारीख एकेक अंक बोट ठेवून उतरवली, कारण इथे एक अंक चुकला तरी भरलेला कर खात्यात धरला जात नाही. मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि भरल्याची तारीख टाकली, व्याजाची रक्कम ‘इतर स्रोतां’त वाढवली, आधार ओटीपीने त्याच संध्याकाळी व्हेरिफाय केलं. एका बैठकीत काम झालं. दुसऱ्या दिवशी वाटलं की आणखी एक आकडा बघावा. तो बरोबर निघाला, पण चुकला असता तर मुदतीत पुन्हा रिवाइज करता आलं असतं. परवानगी मागायची नाही, कुणाच्या आदेशाची वाट बघायची नाही.

रिवाइज्ड रिटर्नचाही त्रास आहे, नाही असं नाही. एक ओळ बदलायची असली तरी अख्खं विवरणपत्र नव्याने सादर होतं, आणि मूळ रिटर्नच्या जागी तेच धरलं जातं. म्हणून न बदललेले तक्तेही पुन्हा डोळ्यांखालून घालावे लागतात. पगाराचा तक्ता, ८०सीच्या वजावटी, घरकर्जाचं व्याज, यातली एखादी ओळ कोरी राहिली तर एक चूक दुरुस्त करताना दुसरी होते. मी जुन्या रिटर्नची पीडीएफ छापून घेतो आणि प्रत्येक बेरजेसमोर पेन्सिलीने टिक करत जातो. अर्धा तास जास्त लागतो. शिवाय रिफंड अडकलेला असेल तर प्रक्रिया नव्या रिटर्नपासून सुरू होते. ज्यांना रिफंडची घाई आहे त्यांना हे जाचक वाटू शकतं, आणि ते मी समजू शकतो.

एक गैरसमज मात्र फार जणांचा असतो: १४३(१) चं इंटिमेशन आलं की रिवाइज करता येत नाही. तसं नाही. ते इंटिमेशन म्हणजे करनिर्धारण पूर्ण झालं असं नव्हे. मुदत शिल्लक असेल तर इंटिमेशननंतरही रिवाइज्ड रिटर्न भरता येतं. उशिरा भरलेलं, म्हणजे बिलेटेड रिटर्नही रिवाइज करता येतं. मुदत माझ्या दोन्ही वर्षांत ३१ डिसेंबर होती, तुमच्या वर्षाची तारीख पोर्टलवर बघून घ्या.

मग रेक्टिफिकेशन कुणी निवडावं? माझ्या मते याचं उत्तर इंटिमेशनच्या पीडीएफमध्येच असतं. त्यात शेजारीशेजारी दोन रकाने असतात, डावीकडे आपण भरलेला आकडा आणि उजवीकडे बंगळूरच्या सीपीसीने, म्हणजे आयकर खात्याच्या रिटर्न प्रोसेसिंग केंद्राने, काढलेला. दोन्हींत फरक असेल आणि डावीकडचा आकडा बरोबर असेल, तर चूक त्यांच्या हिशेबात आहे आणि १५४ हाच सरळ रस्ता. उदाहरणार्थ, तुम्ही मागितलेला टीडीएस २६एएसमध्ये असूनही धरला नाही किंवा भरलेला आगाऊ कर खात्यात घेतला नाही. तिथे रिवाइज करण्यात काही अर्थ नाही, कारण तुमच्या रिटर्नमध्ये बदलण्यासारखं काही नसतंच. पण दोन्ही रकाने जुळत असतील आणि दोन्ही चुकीचे असतील, तर चूक आपली आहे, आणि आपली चूक रिवाइज्ड रिटर्ननेच दुरुस्त करावी. विसरलेलं उत्पन्न किंवा राहिलेली वजावट हे १५४ मध्ये बसत नाही. ते कलम नोंदींवरून उघड दिसणाऱ्या चुकांसाठी आहे. माझ्या २०२२ च्या इंटिमेशनमध्ये टीडीएसच्या ओळीचे दोन्ही रकाने तंतोतंत सारखे होते. तेव्हा ते वाचायचं कसं हेच मला माहीत नव्हतं.

रेक्टिफिकेशनच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे आणि तो मान्य करायलाच हवा: वेळ. ज्या आर्थिक वर्षात इंटिमेशन निघालं, त्याच्या अखेरीपासून चार वर्षं हा अर्ज करता येतो. जुन्या वर्षाची थकबाकी अचानक नोटीस होऊन समोर आली, तर रिवाइज्डची तारीख केव्हाच उलटून गेलेली असते, आणि तेव्हा १५४ हाच आधार.

तिसरा पर्याय म्हणून अपडेटेड रिटर्नचं नाव निघतं, म्हणजे आयटीआर-यू. २०२२ मध्ये तो आला तेव्हा मुदत चोवीस महिने होती, २०२५ च्या वित्त कायद्याने ती अठ्ठेचाळीस महिने झाली. पण कर आणि व्याजावर २५ टक्के जादा कर पडतो आणि उशीर होत गेला तसा तो ५०, ६०, ७० टक्क्यांवर जातो. रिफंड मिळवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी हा मार्ग चालत नाही, म्हणजे माझ्या ४,६२० रुपयांसाठी त्याचा उपयोगच नव्हता. उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल आणि रिवाइज्डची मुदत संपली असेल तरच याचा विचार करावा.

तुमचा प्रश्न फक्त बँक खात्याचा असेल, म्हणजे खातं बंद झालं म्हणून रिफंड परत गेला असेल, तर यातलं काहीच करू नका. पोर्टलवर नवं खातं प्रमाणित करून रिफंड रीइश्यूची विनंती टाकली की पुरतं. आणि रिटर्न नुकतंच सबमिट केलंय पण अजून व्हेरिफाय केलेलं नाही, असं असेल तर त्याहून सोपं: २०२३-२४ या करनिर्धारण वर्षापासून असं रिटर्न ‘डिस्कार्ड’ करून नव्याने भरता येतं.

बाकी, चूक तुमची असेल आणि तारीख हातात असेल तर मी तरी इंटिमेशनची वाट बघत बसणार नाही. रिवाइज्ड भरा आणि त्याच दिवशी व्हेरिफाय करा. व्हेरिफिकेशनला तीस दिवस मिळतात खरे, पण ते राहून गेलं तर रिवाइज्ड भरलंच नाही असं धरलं जातं, आणि चूक असलेलं जुनं रिटर्नच कायम राहतं.