वाइन बिझनेसची पदवी : जर्मनीचं विद्यापीठ, सोलापूरचं ऑफिस

द्राक्षाचा हंगाम आटोपून बेदाण्याचे पैसे हातात यायला लागले, की सोलापुरात करिअर सेमिनारचे फलक झळकायला लागतात. नान्नज, कासेगाव, बार्शी, मोहोळ भागातल्या कुणा बागायतदाराच्या घरी ‘वाइन बिझनेस मॅनेजमेंट : पहिलं वर्ष सोलापुरात, दुसरं जर्मनीत’ असं माहितीपत्रक आलं असेल, तर एक रुपयाही भरण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. आमच्या घरातून या नावावर साडेसोळा लाख रुपये गेले. काही बागेचे होते, काही आईच्या दागिन्यांवर काढलेले. प्रकरण पोलिसांकडे आहे म्हणून ऑफिसचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते.

हा विषय खोटा नाही, हे आधी सांगते, कारण त्या लोकांचं सगळं बळ त्यातच होतं. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टेट विद्यापीठात १९९६ पासून वाइनचा व्यवसाय हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. फ्रान्समध्ये दिजाँ आणि बोर्दोच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात, जर्मनीत गाइसेनहाइमला शिकवतात. आणि शिकण्यासारखं त्यात खूप आहे. यंदाच्या द्राक्षाची वाइन विकायला कधी कधी दोन-तीन वर्षं जातात, तोवर पैसा पिंपात अडकून पडतो. त्यामुळे वायनरीचा ताळेबंद साध्या दुकानासारखा मांडून चालत नाही. बोर्दोवाले यावर उपाय म्हणून वाइन पिंपात असतानाच, पुढच्या वसंतात, तिची विक्री करतात. बाटली गिऱ्हाइकाला मिळते नंतर कधीतरी. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हापासून बहुतेक राज्यांत उत्पादक, वितरक आणि दुकानदार असे तीन वेगळे थर आहेत. आपल्याकडे दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, जीएसटीच्या बाहेर. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर, पण तिथे बाटली विकायची तर लेबलची नोंदणी वेगळी आणि कर वेगळा. मी बी.कॉम. केलंय, अण्णांच्या बागेचे हिशेब कॉलेजपासून लिहितेय. मला हेच शिकायचं होतं, आणि अजूनही शिकायचं आहे.

सेमिनार होटगी रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. बोलणारा माणूस हुशार होता. त्याने सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून केली. अकलूजजवळ इटालियन भागीदारांनी मोहिते-पाटलांबरोबर उभा केलेला फ्रातेलीचा द्राक्षमळा त्याने पडद्यावर दाखवला. ते खरंच आहे. मग तो म्हणाला, “सुपरमार्केटमध्ये वाइनला परवानगी मिळालीय, हजारो मॅनेजर लागणार.” हे अर्धंच खरं होतं. राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ ला एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइनचं कपाट ठेवायला मंजुरी दिली होती. पुढे विरोध झाला आणि तो निर्णय अडकून पडला, हे त्याने सांगितलं नाही. २००८-०९ च्या मंदीत नाशिककडच्या वायनऱ्यांनी माल उचलला नाही आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या, तेही नाही.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली ती मात्र सरळ चुकीची होती. म्हणाला, तुमच्या सोनाकाचीच वाइन करून दहापट भाव मिळवता येईल. सोनाका आणि शरद सीडलेस या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी निवडून वाढवलेल्या जाती, आमच्या भागाचा अभिमान. अण्णा उभे राहिले. “साहेब, ही खायची द्राक्षं. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात.” तो हसून म्हणाला, “काका, टेक्नॉलॉजी बदललीय.” आणि लगेच पुढच्या चित्रावर गेला. अशा प्रश्नाला जो उत्तर देत नाही त्याला विषय येत नाही, असं मी आता ठामपणे म्हणते. बागायतदारांनी आपल्याला ठाऊक असलेलंच बेधडक विचारावं. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती लागतं विचारा, एकरी माल किती धरायचा विचारा, मालाचा भाव कोण ठरवतं विचारा.

माहितीपत्रकावर डब्ल्यूएसईटीचा शिक्का होता आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय विद्यापीठ पदवी’. डब्ल्यूएसईटी ही लंडनची परीक्षा घेणारी संस्था आहे. तिच्या पातळ्यांची प्रमाणपत्रं जगभर चालतात, पण ते विद्यापीठ नाही आणि ती एमबीए देत नाही. तिची अधिकृत केंद्रं तिच्या वेबसाइटवर सापडतात. हे केंद्र तिथे नव्हतं. तोंडी असंही सांगत होते, की पहिलं वर्ष सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहे. संलग्न महाविद्यालयांची यादी विद्यापीठाकडे असते, त्यातही हे नाव नव्हतं. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच आहे. दुकानावरच्या मजल्यावरचं ऑफिस पदवी देऊ शकत नाही, भिंतीवर कितीही फ्रेम लावलेल्या असोत.

आता पैसे कसे घेतले ते. आधी ‘सीट ब्लॉकिंग’चे पन्नास हजार. मग पहिल्या वर्षाची फी चार लाख. पावतीवर संस्थेचं नाव, पण पैसे गेले एका ट्रेडिंग फर्मच्या चालू खात्यावर. कारण विचारलं तर “ऑडिटसाठी सोयीचं पडतं”. आम्ही शैक्षणिक कर्जासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी सांगितलं, फीचं पत्र थेट विद्यापीठाकडून मागवा. ऑफिसातल्या मॅडम यावर लगेच म्हणाल्या, “सरकारी बँकेत फाइल पडून राहते, तुमचा इनटेक, म्हणजे यंदाचा प्रवेश, जाईल. सोनं असेल तर तासाभरात काम होतं.” बँक कागद मागते म्हणून जो तुम्हाला बँकेपासून दूर नेतो, त्याला तो कागद देता येत नसतो.

सगळ्यात मोठा घाव बारा लाखांचा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागतं, हे खरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. पण ते खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर उघडतात, पैसे त्याचेच राहतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो त्यालाच खर्चाला मिळतात. आमच्याकडून ती रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट डिपॉझिट’ म्हणून त्यांच्याच खात्यात घेतली आणि हाती दिलं ते जर्मन भाषेतलं, गोल शिक्क्याचं एक पत्र. खरोखर परदेशी पैसे पाठवायचे असतील तर आपल्या बँकेत पॅन घेऊन ए-टू फॉर्म भरावा लागतो, आणि रक्कम कुणाच्या खात्यात गेली याची स्विफ्टची, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशाची, प्रत बँक देते. ती प्रत नसेल तर पैसा देशाबाहेर गेलेलाच नाही असं धरा. आणखी एक गोष्ट. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसतेच, सत्राची थोडी वर्गणी असते. लाखांची फी सांगणाऱ्याने आधी विद्यापीठ सरकारी की खासगी ते सांगावं.

वर्ग भरायचे दोन खोल्यांत. पहिल्या महिन्यात ग्लास कसा धरायचा, हलवायचा कसा, वास कसा घ्यायचा. दुसऱ्या महिन्यातही तेच. मी उत्पादन शुल्काबद्दल विचारलं, लेबल नोंदणीचा खर्च किंमतीत कसा धरायचा विचारलं, वितरकाचं मार्जिन विचारलं. शिकवणारे सर म्हणाले, हे सगळं जर्मनीत. इंग्रजी बातम्यांच्या झेरॉक्स प्रती म्हणजे ‘केस स्टडी’. वर्गात बारावी होऊन थेट आलेली मुलं होती, त्यांच्याही हातात वाइन दिली जायची. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं. ज्यांना हा साधा नियम पाळायचा नव्हता ते आम्हाला या धंद्याचे कायदे शिकवणार होते. त्या मुलांच्या आईवडलांना हे आजही माहीत नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

पितळ उघडं पडलं ते एका मैत्रिणीच्या मावसभावामुळे. तो जर्मनीत शिकतो. त्याने फोनवर सहज विचारलं, “तुमचं एपीएस आलं का?” आमच्यापैकी कुणी हा शब्दही ऐकला नव्हता. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची एपीएसकडून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. व्हिसाची फाइल ‘अंतिम टप्प्यात’ असल्याचं ऑफिस सांगत होतं आणि हे प्रमाणपत्र कुणाचंच नव्हतं. त्याच रात्री आम्ही हॉखशूलकोम्पास ही वेबसाइट उघडली. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरूंची परिषद ती चालवते आणि देशातली मान्यताप्राप्त विद्यापीठं तिथे दिसतात. आमचं विद्यापीठ नव्हतं. नावाचं स्पेलिंग सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिलं. मग त्या ‘विद्यापीठा’च्या वेबसाइटचं डोमेन कधी नोंदलंय ते पाहिलं. सेमिनारच्या थोडंच आधी.

दुसऱ्या दिवशी पालक एकत्र ऑफिसात गेले. आरडाओरडा झाला नाही. मॅडमनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, रिफंड मिळेल, मूळ पावत्या आणि ऑफर लेटर जमा करा, चेक तयार करतो. सोबत स्टँप पेपरवर एक मजकूर होता : आम्ही स्वेच्छेने, वैयक्तिक कारणाने प्रवेश रद्द करत आहोत. काही पालकांनी पावत्या दिल्या आणि सही केली. त्यांना पुढच्या तारखेचे चेक मिळाले आणि ते चेक न वटता परत आले. आज त्यांच्या हातात भरल्या पैशांचा कागद नाही. अण्णांनी पावत्या दिल्या नाहीत. “आधी पैसे, मग कागद,” एवढंच बोलले आणि उठले.

आता ऑफिसला कुलूप आहे. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत दिली आहे, जबाब झाले आहेत. तशाच मजकुराचं माहितीपत्रक नव्या नावाने पंढरपूर भागात फिरतंय असं कळलं आहे.

तुम्ही पैसे भरले असतील आणि ते नुकतेच ऑनलाइन गेले असतील, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पुढे सरकलेला पैसा वाटेत थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बँकेतून खातेउतारा काढून ज्या नोंदींनी पैसे गेले त्यांवर खूण करा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेजही ठेवा. चेक न वटता परत आला असेल तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे, नाहीतर न वटलेल्या चेकसाठीच्या कलम १३८ चा रस्ता बंद होतो. रिफंडसाठी बोलावलं तर फक्त झेरॉक्स न्या, मूळ पावत्या घरी ठेवा आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.