‘प्रिंटर सर’ नावाने सेव्ह केलेला नंबर

माझे ४९,९९० रुपये गेले. त्यातले ४४,९९१ मी स्वतःच्या बोटांनी पाठवले, आणि तेही ‘परत’ केले असं समजून. नातेवाइकांना हे सांगताना आधी आकडा कमी करून सांगत होते, आता खरा सांगते.

मी जुळे सोलापुरात राहते. घरातूनच चादरी, टॉवेल, नॅपकिनच्या ऑर्डर घेते. माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येतो, पॅकिंग आमच्या हॉलमध्ये होतं, आणि चारच्या सुमाराला कुरिअरचा मुलगा येऊन पार्सलं नेतो. पार्सलवर पत्त्याचं लेबल लागतं, त्यामुळे प्रिंटर बंद म्हणजे धंदा बंद. प्रिंटर छोटा आहे, वायफायवाला. स्क्रीन नाही, चार बटणं आणि दोन दिवे.

जानेवारीत इंटरनेटचं कनेक्शन बदललं. नवा राउटर बसला, जुना तो माणूस घेऊन गेला. दोन दिवसांनी, नेमका सिद्धेश्वरांच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याचा दिवस, चौदा लेबलं काढायची होती आणि कॉम्प्युटर म्हणतोय प्रिंटर ऑफलाइन. बंद करून चालू केला. वायर हलवली. कॉम्प्युटर परत सुरू केला. प्रिंटरवरचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता. नव्या पेठेत आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला आहे, त्याचं दुकान बंद. घरातले बाकीचे नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलेले. मी एकटी, चौदा पार्सलं आणि घड्याळात अडीच.

प्रिंटरच्या खोक्यावर कंपनीचा नंबर छापलेला होता. पण खोकं माळ्यावर आणि त्याच्यावर चादरींचे दोन गठ्ठे. म्हणून मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं. सगळ्यात वर जो आला तो लावला. ती जाहिरात असल्याचं त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हे मला नंतर कळलं. पैसे भरून कुणीही तिथे वर येऊ शकतो.

माणूस हिंदीत बोलला, फार अदबीने. त्याने स्क्रीन दुरून बघता येणारं एक अॅप घ्यायला लावलं. हे अॅप खोटं नसतं, ऑफिसांत रोज वापरतात. त्यात नऊ आकडी नंबर दिसतो, तो मी वाचून दाखवला आणि माझा माउस आपोआप फिरायला लागला.

आता त्याने काय केलं ते नीट सांगते, कारण तुमच्याकडेही हेच होईल. पहिल्यांदा त्याने विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. लाल खुणा, पिवळ्या खुणा, शेकड्यांनी. “मॅडम, ये सब एरर हैं.” मग एक काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं आणि आकड्यांची यादी धावली. एका रकान्यावर बोट ठेवल्यासारखा माउस थांबवला: फॉरेन अॅड्रेस. “देखिए, आपके कंप्यूटर से विदेश में कोई जुड़ा है. इसीलिए प्रिंटर बंद है.” माझ्या पोटात गोळा आला.

नंतर शेजारच्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवर मला तेच सगळं दाखवलं. त्याचा लॅपटॉप अगदी ठणठणीत, तरी लाल खुणा तितक्याच. विंडोज बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवत असतं, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे खूण पडते. आणि ‘फॉरेन अॅड्रेस’ म्हणजे परदेश नव्हे, जोडणीचं पलीकडचं टोक. साधी वेबसाइट उघडली तरी त्या रकान्यात पत्ता येतो.

पण मी पुरती अडकले ती भीतीमुळे नाही. त्या माणसाने माझा प्रिंटर खरोखर चालू केला! राउटरच्या मागचं एक बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वायफायचं बटण धरून ठेवा, असं सांगितलं. निळा दिवा लुकलुकायचा थांबला. मग त्याने कॉम्प्युटरमधली प्रिंटरची जुनी नोंद काढून तो नव्याने जोडला, आणि पहिलं लेबल सर्रकन बाहेर आलं. मला इतकं हायसं वाटलं की ‘तीन वर्षांचं सुरक्षा पॅकेज, ४,९९९ रुपये’ म्हटल्यावर मी घासाघीससुद्धा केली नाही. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारी मी. चार वाजता कुरिअर गेला. नंबर मी ‘प्रिंटर सर’ या नावाने सेव्ह केला.

सहाव्या दिवशी दुपारी लाईट गेली, तासाभराने आली. प्रिंटर पुन्हा ऑफलाइन. या वेळी मला कुणी फसवायला आलं नाही. मीच ‘प्रिंटर सर’ना फोन लावला.

तो म्हणाला, तुमच्या मशीनला आमचं पॅकेज लागू पडत नाही, मी मॅनेजरशी बोलून पैसे परत करायला लावतो. कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडा. आणि वर म्हणाला, “मॅडम, पासवर्ड मुझे मत बताइएगा, हम कभी नहीं पूछते.” या एका वाक्याने माझा उरलासुरला संशय गेला. मी पासवर्ड टाकताना तो स्क्रीनवर होताच, हे त्या वेळी सुचलंच नाही.

खात्यात ६१,३४० होते. स्क्रीन अर्धा मिनिट काळी झाली. “सर्व्हर स्लो है.” परत दिसली तेव्हा शिल्लक १,११,३३०. आणि फोनवरचा आवाज एकदम बदलला. रडवेला झाला. “मॅडम, गलती हो गई. ४,९९९ की जगह ४९,९९० चला गया. मेरी नौकरी चली जाएगी.” घरी आजारी आई आहे म्हणाला. ४,९९९ तुमचे ठेवा, बाकीचे परत करा.

मी हिशेब केला, ४४,९९१. मोबाइलवरून त्याने दिलेल्या यूपीआय आयडीवर पाठवले. नाव एका बाईचं आलं. त्या आमच्या अकाउंटंट, असं तो म्हणाला. लोक म्हणतात की माणूस लोभापायी फसतो. माझ्या बाबतीत तसं नव्हतं हो, मी दुसऱ्याचे पैसे घाईघाईने परत करत होते.

पाठवल्याबरोबर बँकेचा मेसेज आला. शिल्लक १६,३४९.

दोनदा वाचला. कॉम्प्युटरवर अजून लाखाच्या वरचा आकडा दिसत होता. ते पान पुन्हा लोड केलं, तिथेही १६,३४९. म्हणजे पैसे कधी आलेच नव्हते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरची अक्षरं, आकडे आपल्यापुरते बदलता येतात, शाळेतल्या पोरांनाही ते जमतं. बँकेत काही बदलत नाही, फक्त स्क्रीनवर बदलतं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला नव्हता, हे मला खटकायला हवं होतं. पण अर्धा तास फोन कानाला लावून ठेवायला लावल्यावर मेसेज बघतो कोण?

पुढचा तास मी वाया घालवला, त्याला फोन लावण्यात आणि नवऱ्याला कसं सांगायचं या विचारात. तो तास महाग पडला. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, हे फोनच्या कॉलर ट्यूनमध्ये मी कितीदा ऐकलं होतं. संध्याकाळी लावला. त्यांनी रक्कम, वेळ, माझी बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला. तो यूपीआयच्या पावतीवर असतो, आधी काढून ठेवा, नाहीतर फोनवर चाचपडायला होतं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर सविस्तर तक्रार भरली. पैसे तोपर्यंत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरले होते. एका खात्यात ११,२०० सापडले, ते गोठवले.

बँकेतल्या साहेबांनी ऐकून घेतलं, पण स्पष्ट बोलले. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला संरक्षण मिळतं वगैरे. पण ते ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी. “तुम्ही तर स्वतः पिन टाकलाय.” यावर मी काय बोलणार?

सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “गड्ड्याच्या जत्रेत पाकीट मारलं असतं तर निदान गर्दी तरी बघून झाली असती.”

शेजारच्या मुलाने रविवारी येऊन बघितलं. डिप्लोमाला आहे. पहिलं ते अॅप काढलं. त्यात न विचारता कधीही आत शिरता येईल असा पासवर्ड त्या माणसाने ठेवून दिला होता, म्हणजे इतके दिवस माझं दार सताड उघडं होतं. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलायला लावला, त्या कॉम्प्युटरवरून नाही.

मग प्रिंटरकडे वळला. “काकू, ह्याला काहीच झालेलं नाही.” बटण धरून प्रिंटरमधून एक कागद काढला, त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता छापून आला, शेवटचा आकडा १२. कॉम्प्युटर मात्र त्याला ७ वर शोधत होता. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एकेक पत्ता देतो. आमच्यासारखे काही राउटर लाईट जाऊन आली की कुणाला कोणता दिला होता ते विसरतात आणि नव्याने वाटतात. तुमच्या कागदावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आधी वायफाय जोडा. माझ्या बाबतीत त्याने कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा ७ चा १२ केला आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावाने कायमचा राखून ठेवला. रांगेत अडकलेली जुनी लेबलं होती, त्यासाठी प्रिंट स्पूलर नावाची सेवा थांबवून, साचलेल्या फायली पुसून परत सुरू केली. वीस मिनिटं. त्यातली दहा शेंगाची पोळी खाण्यात गेली. पैसे घेत नव्हता, एक चादर दिली.

त्यानंतर लाईट किती वेळा गेली, प्रिंटर बंद पडलेला नाही. तक्रारीची पावतीसुद्धा त्याच्यावरच छापली. ते ११,२०० अजून आलेले नाहीत. मिळतील असं पोलिस ठाण्यातून सांगतात, दर पंधरा दिवसांनी मी विचारून येते.

परवा मोबाइलवर पुन्हा तेच शब्द टाकून बघितले. तो नंबर आता तिथे नाही. त्याच जागी, सगळ्यात वर, दुसरा आहे.