वंशावळ शोधून देतो म्हणाला आणि देवघरातला वीराचा टाक घेऊन गेला

एकूण 67,600 रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं जे गेलंय, तो टाक म्हणजे देवघरात पूर्वजाच्या नावाने पुजायची छोटी चांदीची प्रतिमा, त्याचं खाली लिहिते. आज चार महिने झाले, घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही, लाज वाटते म्हणून. पण परवा मावसबहिणीने विचारलं की तो मोडीवाला (जुने मोडी लिपीतले कागद वाचून देणारा) कसा आहे गं, आम्हालापण वंशावळ काढायचीये, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हापासून आमच्याकडे जो तो मोडी वाचणाऱ्याच्या मागे लागलाय हे तुम्हाला माहितीच आहे. मला दाखला वगैरे नको होता. वडील 81 वर्षांचे, त्यांना एवढंच कळायचं होतं की आपल्या पणजोबांच्या मागे कोण होतं आणि मळ्याच्या बांधावर जी समाधी आहे ती कुणाची. त्या समाधीवर अक्षर नाही, नुसता दगडी चौथरा आणि वर पादुका. वडील दर अमावास्येला नारळ फोडतात, कुणाच्या नावाने ते माहीत नाही.

हा माणूस भावकीतल्याच एकाने सुचवला. म्हणजे अनोळखी नव्हता, हे लक्षात घ्या. घरी आला, वडिलांच्या पाया पडला, आजीची लाल फडक्यात बांधलेली कागदांची पुडकी उघडली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून पणजोबांचं नाव वाचून दाखवलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नोकरी करणारी, शिकलेली बाई, पण मोडी मला कुठे येते? ते नाव मीच त्याला आदल्या आठवड्यात फोनवर सांगितलं होतं हे मला फार उशिरा आठवलं.

मग सुरू झालं. कामाचा मुहूर्त म्हणून 5,100. 32 पानांचं लिप्यंतर 18,500. 'रेकॉर्ड रूममधल्या लोकांना द्यावे लागतात' म्हणून 11,000. गाडीखर्च 9,000. दर वेळी फोन यायचा, 'ताई, तुमचं घराणं साधं नाही, पानिपतावर पडलेल्या माणसाचं आहे.' गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, खाली लढाई, वर शिवलिंगाची पूजा, डोक्यावर चंद्रसूर्य, ती दाखवून म्हणाला हाच तुमचा मूळपुरुष. अहो, असे वीरगळ गावोगाव आहेत आणि बहुतेकांवर नाव नसतं, मग ह्याला कसं कळलं? हे तेव्हा विचारायला हवं होतं. पण वडील इतके खूश होते की मला विचारवलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. शेवटचे 24,000 घेऊन त्याने एक सनद आणून दिली, शके 1690 ची, म्हणजे 1768, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातली. सोबत टाइप केलेला मजकूर, आमच्या मूळपुरुषाला 14 एकर जमीन इनाम, गट नं. 214. गट नंबर! माझ्या हातात कागद होता, मी तो आकडा दोनदा वाचला, वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे म्हणून मला तो ओळखीचाच वाटला. पेशवाईत गट नंबर कुठून येणार? सर्व्हे नंबरच इंग्रजांनी मोजणी केली तेव्हाचे, आणि गट पडले ते एकत्रीकरणात, तो कायदाच 1947 चा. एकर हे मापही इंग्रजांचं, तेव्हा बिघे-चावर होते. एवढं समोर असून मी पैसे पाठवले, फोनवरून, दोन मिनिटांत.

वर म्हणे ही जमीन परत मिळते. इनामं-वतनं 1950 आणि 60 च्या दशकांत कायद्यानेच खालसा झाली. असं कुणी बोललं की तिथेच उठा.

तक्रार द्यायला गेले तर पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, 'तुम्ही स्वखुशीने दिलेत ना?' मग म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. मग म्हणाले तो राहतो तिकडच्या हद्दीत जा. तिकडे गेले तर ते म्हणाले पैसे पाठवले तिथे जा. आता कायद्यात झिरो एफआयआर स्पष्ट लिहिलंय, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, हे मी सांगितलं तर साहेब जेवायला गेलेत. तीन फेऱ्या, तीन रजा. शेवटी एक साधा अर्ज घेतला, त्याच्यावर पोच द्यायलासुद्धा कुरकुर. फसवणुकीचं कलम पूर्वी 420 होतं, आता 318 आहे, ते अर्जात मीच लिहिलं. महसूलच्या लोकांकडे गेले की ह्या माणसाने तुमच्या नावावर 11,000 घेतलेत, तर कुणाला त्यात रसच नाही. उलट मलाच विचारलं, तुम्ही लाच दिली का? ज्याने घेतले तो मोकळा आणि मी गुन्हेगार! त्याच खिडकीवर मी जुन्या फेरफारांच्या नकलेचा अर्ज केला होता, 'आज साहेब नाहीत' करत सहा आठवडे गेले. माणसं अशा दलालांकडे का जातात ह्याचं उत्तर त्या खिडकीवरच आहे.

जे मला नंतर कळलं ते सांगते. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, कितीही मोठा अभ्यासक असो, घरी बसवून वाचून घ्या. प्रत्येक पानाचे फोटो काढा, पाठीमागचेही. मी 32 पैकी फक्त 7 पानांचे काढले होते. ती 7 पानं मोडीचा कोर्स केलेल्या एका मुलीने अर्ध्या तासात वाचून दिली, एक रुपया घेतला नाही. पाच शेतसाऱ्याच्या पावत्या, एक वाटणीपत्र आणि एक बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाचा रोखा. पानिपत नाही, इनाम नाही. पण त्या रोख्यात 'अमुक बिन तमुक' (बिन म्हणजे मुलगा) असं लिहिलंय, त्यातून आम्हाला पणजोबांचे वडील आणि आजोबा सापडले. खरी माहिती ही! त्याने हीच पानं दाबून ठेवली आणि खोटी सनद विकली.

जुनी कोतवाल बुकं म्हणजे गाव नमुना 14 बघा, त्यात जन्म-मृत्यू असतात. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावानुसार नावं असतात, तिथे आपल्या आडनावाची वही कुणाकडे ते विचारा. आमच्याकडे सुगीनंतर बैल घेऊन हेळवी यायचे, आजी त्यांना सूपभर ज्वारी घालायची आणि ते उभ्या उभ्या पिढ्या म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो. आता तो हेळवी कुठल्या गावचा हे सांगणारी आजी नाही. तुमच्याकडे अजून येत असतील तर बसवून लिहून घ्या.

टाकाचं राहिलंच. 'घडणीवरून काळ ठरतो, जाणकाराला दाखवून आठ दिवसांत आणतो' म्हणून तो पुडक्यासोबत आमचा वीराचा टाकही घेऊन गेला. वडील नको म्हणत होते, मीच हट्टाने दिला. आता फोन बंद आहे.

टाक चांदीचा आहे, तळहाताच्या निम्म्याएवढा. घोड्यावर स्वार, हातात तलवार. आजीने आणि तिच्या सासूने चिंच लावून घासून घासून स्वाराचा चेहरा पार गुळगुळीत झालाय, नाकडोळे दिसत नाहीत. उजवा वरचा कोपरा दुमडलेला, मागे लाखेचा डाग. सोबत लाल फडकं, एका टोकाला आजीने काळ्या दोऱ्याने टीप मारलेली. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडे कुणी जुनी चांदी म्हणून असा टाक विकायला आणला, सोनाराच्या दुकानात दिसला, तर कृपा करून मला कळवा. वडील रोज देवपूजेच्या वेळी ती जागा पुसतात आणि तिथे एक सुपारी ठेवतात.