अमेरिकन कापसाला पिमाचा धागा: सरळ संकर की एकेक गुणसूत्र?

उतारा हिरसुटमचा (आपला नेहमीचा अमेरिकन कापूस) आणि धागा बार्बाडेन्सचा (पिमाची लांब, तलम धाग्याची जात), हा मोह कापसात काम करणाऱ्या कोणाला सुटलाय? एफ-१ मध्ये, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीत, तो पुराही होतो. १९७२ ची वरलक्ष्मी आणि पुढे डीसीएच-३२ या संकरित वाणांनी ते शेतावर दाखवून दिलं. पण दरवर्षी संकरित बी न घेता तेच गुण सरळ वाणात पक्के करायचे म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक, दोन जातींचा थेट संकर करून बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा हिरसुटमशी संकर, करत जाणं. दुसरी, हिरसुटममध्ये एकच गुणसूत्रजोडी, किंवा तिची एक भुजा, बार्बाडेन्सची बसवलेल्या सीएस (गुणसूत्र-बदल) लाइनपासून सुरुवात करणं. माझं ऑफिस मुंबईत आणि प्लॉट जालन्याकडे. दोन्ही प्रकारच्या ओळी तिथे उभ्या केल्यात. तुमची जमीन, तुमची माणसं वेगळी असतील, तेव्हा हे थोडं सांभाळून घ्या.

थेट संकराची बाजू लंगडी मुळीच नाही. दाता, म्हणजे गुण देणारा वाण, शोधत फिरावं लागत नाही, बार्बाडेन्सचा सुविन आपल्याकडे १९७४ पासून आहे. मायक्रोस्कोप लागत नाही, फुलं खुडून पराग लावणाऱ्या बायका आपल्या भागात निष्णात आहेत. गुण डोळ्यांना दिसणारा आणि एक-दोन जनुकांवरचा असेल तर मी आजही हीच वाट सांगेन. सुदानमध्ये कापूस-संशोधक नाइट यांनी जिवाणूजन्य करप्याचा प्रतिकार असाच एका जातीतून दुसरीत नेला. हवाई बेटांवरच्या टोमेंटोसम या रानटी कापसातून मधुग्रंथी नसलेली पानं हिरसुटममध्ये आली तीही बॅकक्रॉस करूनच.

धाग्याचं तसं नाही. लांबी, ताकद, तलमपणा यांचा हिशेब बऱ्याच जनुकांत वाटलेला असतो, आणि तो मोजायचा तर हातात रुई लागते. माझं घोडं इथेच अडलं.

दोन्ही जातींत गुणसूत्रं ५२. जोड्या नीट जमतात, एफ-१ झाड जोमदार येतं, आणि माणूस निर्धास्त होतो. खरी परीक्षा एफ-२ ची, म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीची. आमच्या ओळीत काही झाडं डोक्याच्या वर गेली आणि दिवाळीपर्यंत पातीच (कळ्याच) धरेनात. काहींना पाती भरपूर, पण सगळी गळणारी. काही झाडांना बोंडं लागली, तर फोडल्यावर आत दोन-चार बिया धड आणि बाकी पोचट. तोवर शेजारच्या शेतांत वेचणी उरकलेली, फरदड (वेचणीनंतरही पीक राखून घेतलेला कापूस) घेऊ नका म्हणून कृषी खातं कानीकपाळी ओरडतंय, आणि पंचक्रोशीत हिरवी उभी फक्त आमची ओळ. गुलाबी बोंडअळीला याहून चांगला पाहुणचार कुठे मिळणार! उरल्यासुरल्या बोंडांतला कापूस पिवळा, डागाळलेला. एकेका झाडाची सरकी काढल्यावर पिशवीच्या तळाशी चिमूटभर रुई. माटुंग्याची सिरकॉट, जिथे १९२४ पासून धाग्याचा अभ्यास चालतो, ती आम्हाला हाकेच्या अंतरावर; पण तपासणीला द्यावा असा नमुना तर हवा! देवगिरी एक्सप्रेसने आणलेल्या त्या पिशव्या बऱ्याच दिवस टेबलाखालीच होत्या.

बॅकक्रॉसने झाडं सुधारतात, हे खरं. पण हिरसुटमसारखी होता होता बार्बाडेन्सचे तुकडे गणितापेक्षा जास्त वेगाने गळतात. कापूस-संशोधक स्टीफन्स यांनी हे १९४९ मध्येच दाखवलं होतं. झाड सुधारलं म्हणून आनंद मानावा, तर ज्यासाठी खटाटोप केला तेच गायब.

सीएस लाइनमध्ये हा गोंधळ दुसऱ्या कोणीतरी आधीच निस्तरलेला असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे डेव्हिड स्टेली आणि अमेरिकी कृषी खात्याचे सुकुमार साहा यांच्या गटाने टीएम-१ या हिरसुटममध्ये ३-७९ या बार्बाडेन्सची गुणसूत्रं एकेक करून बसवली आणि अशा १७ लाइन दिल्या. एखादं गुणसूत्र कमी असलेलं टीएम-१ झाड घ्यायचं, त्याची रिकामी जागा दात्याच्या गुणसूत्राने भरायची, आणि दर पिढीत पुन्हा तशाच कमी असलेल्या झाडाशी संकर करायचा, म्हणजे ते गुणसूत्र अख्खं टिकतं आणि बाकीचं टीएम-१ होत जातं. अशी लाइन आपल्या वाणाशी लावली की एफ-२ वेळेवर फुलतो, वेळेवर फुटतो आणि झाडागणिक वेचता येतो. धाग्यासाठी सीएस-बी२५ चं, म्हणजे बार्बाडेन्सचं २५ वं गुणसूत्र असलेल्या लाइनचं, नाव आधी घेतात, ताकद आणि तलमपणा या दोन्हींसाठी.

कुरकुर इथेही आहे. १७ लाइनमध्ये २६ च्या २६ जोड्या येत नाहीत. बी परदेशातून, म्हणजे करारपत्र, एनबीपीजीआर (परदेशी बियाण्यांची आयात पाहणारी सरकारी संस्था), क्वारंटाइन. एखादा हंगाम त्यातच जातो असं धरून चाला. टीएम-१ जुन्या वळणाचं, आमच्याकडे तुडतुड्यांनी त्याची पानं पार वाळवली. अख्ख्या गुणसूत्राबरोबर नको ते गुणही येतात. आणि दोन वेगळ्या गुणसूत्रांवरची जनुकं मिळून जो परिणाम करतात, तो एकेकट्या लाइनमध्ये दिसायचा नाही. नवी सीएस लाइन स्वतः करायची असेल तर मात्र दहादा विचार करा. कोवळ्या कळीतले परागकोश अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये दाबून २५ जोड्या आणि एक सुटं गुणसूत्र ओळखणारी नजर लागते. शिवाय पुढच्या पिढीत ते सुटं गुणसूत्र भलतंच निघू शकतं, त्यामुळे ही मोजणी एकदा करून भागत नाही.

दक्षिणेत दुसरा हंगाम घ्यायची सोय, हजारो झाडं लावण्याइतकी जागा आणि धीर धरणारा मालक असेल, तर थेट संकरात अधिक वैविध्य सापडेल, हे मी नाकारत नाही. तीन-चार माणसांच्या गटाने सीएस-बी२५ आणि आपला तुडतुड्यांना टिकणारा, लव असलेला वाण यांच्यापासून सुरुवात करावी. सुविनची एक ओळ बांधाकडेला ठेवा, तुलनेला लागते. आणि एफ-२ ची वेचणी झाडागणिक वेगळ्या पिशवीत करा, मजूर कितीही कुरकुरले तरी.